हत्तीसुद्धा मध्यम

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. किती जुनी, ते विचारू नका. माझ्या कपाळावर ‘आपले सहर्ष स्वागत असो’ ही अक्षरं उजवीकडून डावीकडे धावत असत आणि त्या काळी त्याला फॅशन म्हणत, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. मला उघडलं की बिगुल वाजायचा. तो बंद कसा करायचा हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कामाच्या वेळात हळूच मला उघडणाऱ्या कित्येक सज्जनांना त्या बिगुलाने साहेबांसमोर उभं केलं आहे.

तुमच्यातला एखादा शहाणा म्हणेल, वेबसाइटचं कसलं आलंय आत्मवृत्त? बाळा, फाटक्या छत्रीचं तू दर वर्षी लिहितोस, तुटक्या खुर्चीचं लिहितोस, मग मीच काय पाप केलंय? छत्री निदान दुकानात विसरून येता येते. मला सगळे विसरले तरी मी आपली दिवसरात्र उघडीच.

माझा जन्म कपड्यांच्या दुकानात झाला. रोजच्या कपड्यांच्या नव्हे. नाटकाचे पोशाख भाड्याने देणाऱ्या. गल्लीच्या टोकाला चष्म्याचं दुकान आहे, त्याच्या वर लाकडी जिना चढून गेलं की एक लांबलचक खोली लागते. दोन्ही बाजूंना छताला टेकलेली कपाटं. एकात राजे, एकात पोलीस, एकात म्हातारे. दाढ्या खोक्यांत, मिशा बरण्यांत. वरच्या दांडीला प्राण्यांची मुंडकी टांगलेली. नवं गिऱ्हाईक जिना संपताच वाघाच्या जबड्यासमोर येतं आणि “चष्म्याचं दुकान खाली राहिलं का?” असं विचारून तसंच उलटं फिरतं.

दुकानाच्या मालकीणबाईंना सगळे आत्या म्हणतात. खरं तर त्या एकाच मुलीच्या आत्या. पण त्या मुलीने लहानपणी दुकानभर ‘आत्या, आत्या’ असा इतका धोशा लावला, की गिऱ्हाइकांनीही तेच नाव उचललं. पोलिसांचे मोठे साहेबसुद्धा हौशी नाटकासाठी पोलिसाचे कपडे आत्यांकडूनच नेतात, कारण स्वतःचे घालायला वरून परवानगी लागते. तेही जिन्यातूनच हाक मारतात, “आत्या, मागच्या वेळचा हवालदार जरा काखेत काचला हो.”

माझे जन्मदाते म्हणजे आत्यांचे जावई. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंना काय भेट द्यावी हा त्यांना प्रश्न पडला. लोक घड्याळ देतात, फुलदाणी देतात. यांनी मला दिलं. माझं एकेक पान त्यांनी हाताने लिहिलं. वाघाचं पान वेगळं, राजाचं वेगळं, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी दुकानाचा फोन नंबर पुन्हा नव्याने लिहिलेला. पुढे तो नंबर बदलला. जावयांनी तो पहिल्या पानावर बदलला, राजांच्या सगळ्या पानांवर बदलला, आणि मग त्यांना जांभई आली. त्यामुळे माकडांच्या पानांवर जुनाच नंबर राहिला. तो नंतर एका निवृत्त न्यायाधीशांना मिळाला. त्यांना ऐन वामकुक्षीत फोन येत, “माकड मोकळं आहे का?”

पण सुरुवातीला माझं कौतुक काय वर्णावं! त्या गल्लीत स्वतःची वेबसाइट असलेलं ते पहिलं दुकान. चष्मेवाले रोज वर येऊन बिगुल ऐकून जात. आत्यांनी मला काउंटरवरच्या संगणकावर कायमचं उघडून ठेवलं आणि दर सकाळी वाघाच्या आधी माझा पडदा पुसायला लागल्या. तुम्हाला वाटतं, पडद्याकडे फक्त तुम्हीच बघता. आम्हीही बघत असतो. आमच्या नजरेतून फारसं काही सुटत नाही.

पुढे जावयांना परदेशी नोकरी लागली आणि माझ्या किल्ल्या त्यांच्याबरोबर गेल्या. माझ्यावरचं एक अक्षर हलवायचं तरी ते त्यांनाच जमे. एकदा सशाच्या पोशाखाचा एक कान फाटून गेला. आत्यांनी फोन केला, “जावईबापू, तो ससा तेवढा साइटवरून काढता का?”

“हो आई, या रविवारी नक्की.”

जावई मनाने फार चांगले. त्यांचा रविवार मात्र कधी उगवला नाही. दुकानातला ससा एका कानाचा झाला आणि माझ्यावरचा दोन कान ताठ करून बसून राहिला. एक नवी राणी, तीन सेनापती आणि एक अख्खं भूत दुकानात आलं. माझ्यावर त्यांचा पत्ता नाही. हळूहळू लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवणं सोडून दिलं आणि ते सरळ आत्यांना फोन करू लागले.

आता इथे, मित्रांनो, या दुकानाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यातूनच झाला. आत्यांकडे कपड्यांना आकड्यांत माप नाही. पोशाख पहिल्यांदा ज्याच्या अंगावर बेतून शिवला, त्याच्या नावाने तो ओळखायचा. दंतवैद्याचा वाघ. हेडमास्तरांचा राक्षस. वखारवाल्या भावांचा हत्ती. थोरला पुढचे पाय, धाकटा मागचे. आणि एक जिराफ होता, टपालवाल्याचा. त्या टपालवाल्याची नाटकाच्या आदल्या आठवड्यात बदली झाली. मानेत चेहऱ्यासाठी ठेवलेलं भोक इतकं वर, की पुढे तो कोणालाच आला नाही. आत जो शिरे, त्याच्या डोळ्यांसमोर नुसतं अस्तर.

फोनवर आत्या हे सगळं समजावून सांगत.

“हेडमास्तरांचा राक्षस न्या. अहो, हेडमास्तर म्हणजे दाराच्या चौकटीला डोकं आपटेल एवढे, पण कमरेला नाडी दोनदा गुंडाळावी लागते. तुमचा राक्षस नीट जेवतो का? जेवतो? मग राक्षस राहू द्या, दंतवैद्याचा वाघ न्या. नाटकात वाघ नाही? लेखकाला सांगा, घाला म्हणावं.”

असं सकाळपासून दुकान मिटेपर्यंत. नाटकांच्या दिवसांत तर एक फोन ठेवला की दुसरा. आणि मग एके दिवशी “हेडमास्तरांचा” एवढं म्हटल्यावर आत्यांच्या तोंडून नुसती हवा बाहेर आली.

घशाचे डॉक्टर चांगलेच उंच होते. दारातून आत येताना मान तिरकी करायची त्यांना सवय होती. त्यांनी आत्यांच्या घशात दिवा धरला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “गाठी आल्यात. बोलणं बंद. असंच बोलत राहिलात, तर आवाज कायमचा जाईल. मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही.”

आत्यांच्या गळ्यात पाटी आली. त्या पाटीवरही ओरडत. राग आला की अक्षरं मोठी होत, फार राग आला की खडू मोडे.

आत्यांचे धाकटे भाऊ दुकानात आले. साधा सरळ माणूस, बहिणीच्या काळजीने अर्धा झालेला. “ताई, बस झालं आता,” ते म्हणाले. “गावाबाहेरचा तो गोदामवाला सगळी कपाटं न्यायला तयार आहे. दुकान असेल तर फोन येणार, फोन आला की तू बोलणार. मी तुला ओळखत नाही का?”

आत्यांनी पाटीवर लिहिलं, ‘मी मेल्यावर ने.’ खडू मोडला.

भावाची मुलगी, म्हणजे तीच ती मूळ भाची, जिन्याच्या कठड्याला टेकून ऐकत होती. ती आता मोठी होऊन लोकांच्या वेबसाइटी बनवत असे. ती म्हणाली, “बाबा, थांबा ना जरा. साइट मुकी आहे म्हणून आत्याला बोलावं लागतं. साइट बोलली, तर आत्याला गप्प बसता येईल.”

“तुझी आत्या? गप्प?”

“या हंगामापुरती संधी द्या. फोन थांबले नाहीत, तर बोलवा गोदामवाल्याला.”

ठरलं. आत्यांचा घसा आणि आत्यांचं दुकान, दोन्ही एकदम पणाला लागलं. भाचीने काउंटरवर बसून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी घशात पाहिलं होतं ना, तसंच.

“आत्या, या जुन्या साइटमध्ये कपाट आणि कपडे एकमेकांना शिवून टाकलेत. एक बटण बदलायचं तर अख्खं कपाट उसवायचं. म्हणून जावईभाऊंचे हात दुखतात. आता आपण नवी व्यवस्था आणू. तिच्यात कपाट वेगळं, कपडे वेगळे. कपाट मी पायथनमध्ये बांधून देते. कपडे तू ठेवायचे, तू काढायचे. मला विचारायचंसुद्धा नाही.”

पाटी: ‘पायथन म्हणजे?’

“संगणकाला काम सांगायची एक भाषा.”

पाटी: ‘साप नव्हे ना?’

“नाही गं.”

पाटी: ‘आपल्याकडे आहे. आत तिघं लागतात.’

त्या व्यवस्थेचं खरं नाव ‘मजकूर व्यवस्थापन प्रणाली’ असं आहे. पण ते उच्चारताना मध्येच श्वास घ्यावा लागतो, म्हणून आपण नवी व्यवस्थाच म्हणू.

मग रोज दुपारी भाचीने लिहिलेला एक छोटासा प्रोग्रॅम येऊन माझी पानं वाचू लागला. पहिल्या दिवशी वाटलं, हा मला पुसायलाच आलाय. पण खरं सांगू? इतक्या वर्षांत मला कोणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं. लोक येत, बिगुलाला शिव्या देत, फोन नंबर घेत आणि जात. हा पठ्ठ्या माकडांची पानंसुद्धा मन लावून वाचत होता. मजकूर उचलायचा, फोटो उचलायचा, नव्या घरात नेऊन ठेवायचा. माझं सामान हलत होतं आणि मी रिकाम्या खोलीसारखी बघत होते.

नव्या घरात प्रत्येक पोशाखाला ठरलेले रकाने होते: प्रकार, रंग, फोटो, माप. मापात लहान, मध्यम, मोठं यातलं एक निवडायचं. काही निवडलं नाही, तर व्यवस्था आपणहून ‘मध्यम’ धरायची. ‘दंतवैद्याचा वाघ’ हे नाव परक्या माणसाला काय कळणार, म्हणून भाचीने नाव ठेवलं नुसतं ‘वाघ’. मग तिने विचारलं, “आत्या, मापं भरायची राहिलीत, तेवढी भरशील?”

आत्यांनी पाटीवर लिहिलं, ‘सगळ्यांची लिहिलेली आहेत.’

त्यांच्या दृष्टीने होतीच लिहिलेली. दंतवैद्य हेच माप होतं. भाचीला वाटलं, आत्याने रकाने भरले. आत्यांना वाटलं, भाचीने नावं नेली. दोघी निर्धास्त झाल्या आणि नवी साइट उघडली. काय देखणी होती! बिगुल नाही, धावती अक्षरं नाहीत, फोनच्या एवढ्याशा पडद्यावरही वाघ अख्खा मावायचा. फक्त तिच्यावर राजा मध्यम होता, राक्षस मध्यम होता, परी मध्यम होती. हत्तीसुद्धा मध्यम.

फोन मात्र खरोखर थांबले. लोक साइटवरच पोशाख निवडू लागले. आत्यांनी दोन दिवस पाटी पुसलीच नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. भाऊ येऊन शांत दुकान बघून गेले आणि जाताना हसलेसुद्धा.

मग बँकेच्या नाटक मंडळींनी एक राजा आणि एक हत्ती नेला. राजाचं काम बँकेच्या दारावरच्या पहारेकऱ्याकडे होतं. तो खांबासारखा माणूस. झगा गुडघ्यावरच संपला. सिंहासनाकडे निघालेला राजा पोहायला निघाल्यासारखा दिसला. हत्तीच्या आत दोन किडकिडीत कारकून होते. मध्यंतरानंतर तो ढगळ हत्ती मधोमध सुटला, पुढचा कारकून सोंड हलवत निघून गेला, आणि मागचा अर्धा हत्ती रंगमंचावर एकटाच उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे, पण नाटक दुःखाचं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला. बँकेचे व्यवस्थापक होते. “आत्या, अहो, ही काय थट्टा? तुमच्या साइटवर लिहिलंय मध्यम!”

फोन भाचीने उचलायचा असं ठरलं होतं. पण हत्तीला कोणी नाव ठेवलेलं आत्यांना आजवर सहन झालेलं नाही. त्यांनी फोन हिसकावला. “मध्यम? कोण म्हणतं मध्यम? तो वखारवाल्यांचा हत्ती आहे! दोघं भाऊ मिळून एक बाक मोडायचे! आणि तुम्ही त्यात काय घातलंत, पेन्सिली?” आणखीही बरंच बोलल्या. इतक्या दिवसांचं साठलं होतं. शेवटचे शब्द नुसते ओठांवर दिसले. आवाज संपला होता.

डॉक्टर या वेळी चिडले. कुजबुजसुद्धा बंद, म्हणाले. पुढच्या तपासणीत सुधारणा दिसली नाही, तर आवाजाची आशा सोडा. भावाने तिथूनच गोदामवाल्याला फोन लावला. “येऊन बघून जा,” म्हणाले. आत्यांनी दुकानात परतून पाटीवर लिहिलं, अगदी बारीक अक्षरांत: ‘नवी बंद कर. जुनी लाव.’

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? पण मित्रांनो, माझ्यावर ससा अजूनही दोन कानांचा होता. माकडांसाठी अजूनही न्यायाधीशांचीच झोप मोडत होती. मला परत लावून आत्यांचा घसा वाचणार नव्हता. हे मला कळत होतं, पण सांगणार कोणाला? माझ्याकडे सांगायला फक्त बिगुल.

सुट्टीच्या दिवशी दुपारी भाची एकटीच वर आली. आत्या राजाच्या झग्याची दुमड उसवत बसल्या होत्या. ती शेजारी जमिनीवर बसली. “आत्या, चिडू नकोस. एकच सांग. वाघ कोणाला येतो?”

पाटी: ‘दंतवैद्याला.’

“पण हा दंतवैद्य आहे केवढा?”

आत्यांनी खडू उचलला, ठेवला. पुन्हा उचलला. मग पाटी गळ्यातून काढून बाजूला ठेवली आणि उभ्या राहिल्या. पोट पुढे काढलं, पाय फाकवले, हनुवटी छातीत रुतवली, आणि कोणाच्या तरी तोंडात वाकून बघत असल्यासारख्या दोन्ही हात वर धरून त्या कपाटापर्यंत डुलत गेल्या. मी शपथेवर सांगते, खोलीत दंतवैद्य आला होता.

भाची हसून हसून आडवी झाली. “आणि हेडमास्तर?”

आत्या वाढल्या. कशा वाढल्या ते मला माहीत नाही, पण दाराशी जाऊन त्या खाली वाकूनच आत आल्या आणि कमरेवरून घसरणारी विजार दर पावलाला वर ओढू लागल्या. मग वखारवाले थोरले झाले, मग धाकटे. मग एक अशी बाई, जी श्वास घेतला की राणी आणि सोडला की दासी. सगळं गाव त्या खोलीतून चालत गेलं, आणि एक शब्द नाही.

भाचीचं हसू हळूहळू थांबलं. “आत्या, ही मापं नाहीत. ही माणसं आहेत. मी माणसांना रकान्यात बसवत होते.”

तिने लॅपटॉप मांडीवर ओढला. “बघ, या व्यवस्थेची हीच तर गंमत आहे. आपल्याला जी वस्तू हवी, ती पायथनमध्ये सांगायची, की व्यवस्था तिच्यासाठी जागा करते. माप हा रकाना मी काढून टाकते. त्याच्या जागी ‘कोणाचा’. आणि प्रत्येक माणसाचं आपलं एक पान. वाघाची दोरी दंतवैद्याच्या पानाला बांधलेली. दंतवैद्य उद्या बारीक झाला, तर एका जागी बदलायचं, त्याचे सगळे पोशाख आपोआप सुधारतील. माकडं मागे राहणार नाहीत.”

आत्यांनी पाटी ओढली. ‘पानं लिहिणार कोण?’

“तू. मी कुठे ओळखते त्यांना? बोलायचं नाही ना? मग लिही.”

आत्यांनी त्या यंत्राला आजवर फडक्याशिवाय हात लावला नव्हता. एका बोटाने, अक्षर शोधत, दात ओठात रोवून त्यांनी लिहिलं. भाची अधूनमधून म्हणत होती, “घाई नको. हा मसुदा आहे, अजून कोणाला दिसत नाही.” संध्याकाळची उन्हं मिशांच्या बरण्यांवर आली तेव्हा पान झालं होतं:

‘दंतवैद्य. उंची बेताची, पोट स्वतंत्र. आरशासमोर बाजूने उभे राहा. पोट तुमच्याआधी आरशात पोचत असेल, तर तुम्ही दंतवैद्य. वाघ घालून खाली बसू नये, शेपूट उसवते.’

“आता हे बटण,” भाची म्हणाली. “प्रकाशित करा.”

पाटी: ‘जावयांना फोन?’

“नाही.”

‘तुझ्या बाबांना?’

“कोणालाच नाही, आत्या. दाब.”

आत्यांनी पदराने बोट पुसलं आणि दाबलं. बिगुल नाही, काही नाही. त्यांनी पडद्यावर आपलं पान बघितलं, मग खिडकीतून गल्लीकडे बघितलं, जणू तिथेही ते दिसायला हवं होतं. आणि पुढे काय केलं असेल? सशाचं पान उघडलं. माझ्यावर इतकी वर्षं अडून बसलेला तो कान त्यांनी एका क्षणात उतरवला. लिहिलं: ‘ससा. कान एकच. कमी ऐकणारा ससा चालत असेल, त्यांनीच यावे.’

तो ससा त्याच आठवड्यात भाड्याने गेला.

पुढे ज्यांची पानं लिहायची, त्यांना आत्यांनी भाचीला पाठवून आधी विचारलं. हेडमास्तर म्हणाले, नाव घालू नका, कंबर घाला. दंतवैद्य स्वतः जिना चढून आले. “आत्या, हे बरोबर नाही. मी आता तेवढा राहिलो नाही.” आत्यांनी वाघ काढून हातात दिला आणि पाटी समोर धरली: ‘वाघाला विचारा.’ वाघाची बटणं लागली नाहीत. दंतवैद्य आठवड्यातून दोनदा फिरायला जाऊ लागले.

अशात गोदामवाला आला. हातात मोजपट्टी, बरोबर आत्यांचे भाऊ. फोन गप्प होता. आत्या काउंटरमागे एका बोटाने टकटक करत होत्या. तेवढ्यात जिन्यातून एक बाई वर आल्या. आत्यांनी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं.

“नमस्कार आत्या. मी उंचीला हेडमास्तर आहे, पण खांद्यात दंतवैद्य. राक्षस जमेल का हो?”

आत्यांनी त्यांना एकदा वरून खाली बघितलं, मान हलवली आणि राक्षस काढून दिला. तो अंगात बसेल याची खात्री असल्यासारख्या बाई घेऊन गेल्या.

“हे काय चाललंय?” गोदामवाला म्हणाला. “मला लहान किती, मध्यम किती, मोठे किती ते सांगा. एवढंच हवंय.”

 भाऊ काउंटरवरच्या पडद्याकडे बघत होते. आत्या त्या वेळी लिहीत होत्या ते पान समोर होतं. ‘धाकटा भाऊ, शाळेत असतानाचा. अंगाने काडी. शेपूट ओढली की रडतो, पण बहिणीची चुगली करत नाही. लहान माकड याच्याच मापाचं. हा पोशाख विकायचा नाही.’

“ताई,” ते म्हणाले, “मी माकड?”

पाटी: ‘उत्तम होतास.’

त्यांनी चष्मा काढून पुसला, जरा जास्तच वेळ पुसला. मग गोदामवाल्याकडे वळून त्याला खांद्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, “तुम्ही साधारण आमचा सेनापती आहात. कधी नाटक केलंत, तर या. विकायचं काही नाही.”

माकडांच्या पानांवर आता खरा नंबर आहे. त्यामुळे एके दिवशी ते निवृत्त न्यायाधीश काठी टेकत वर आले. “हल्ली माकडासाठी फोन येत नाहीत,” ते म्हणाले. “म्हटलं, सगळं ठीक आहे ना, बघून यावं.” पांढऱ्या दाढ्यांचं खोकं आता त्यांच्या नावावर आहे.

आणि मग घशाचे डॉक्टर आले. दवाखान्यातल्या आजारी मुलांसाठी त्यांना काहीतरी करून दाखवायचं होतं. दारात मान तिरकी करून ते आत शिरले आणि आत्यांचे डोळे जे चमकले, तसे मी बिगुल पहिल्यांदा वाजला तेव्हाही पाहिले नव्हते. त्यांनी स्टुलावर चढून जिराफ खाली काढला. डॉक्टर आत शिरले, काहीतरी खसफसलं, आणि टपालवाल्यासाठी ठेवलेल्या त्या भोकात, बरोबर मधोमध, एक चेहरा आला.

“बसला की!” जिराफ म्हणाला. मग त्याला आपलं काम आठवलं. “आत्या, जरा दिव्याकडे तोंड करा. आ करा.” जिराफाने वाकून आत्यांच्या घशात दिवा धरला. बराच वेळ बघितलं. भाची लॅपटॉप पोटाशी धरून उभी होती. भाऊ कपाटाला टेकले होते. “गाठी उतरल्यात,” जिराफ म्हणाला. “बोलून बघा. एकच वाक्य. हळू.”

आत्यांनी गळ्यातली पाटी बाजूला सारली. इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य, काय बोलतील असं सगळ्यांना वाटत होतं. आवाज बारीक आला, जरासा खरखरीत, पण आला.

“मान ताठ ठेवा, डॉक्टर.”

तर मित्रांनो, अशी माझी गोष्ट. आत्या आता दिवसाला मोजकं बोलतात आणि उरलेलं लिहितात. प्रकाशित करायचं बटण त्या फडक्याने रोज पुसतात, पडद्यावर असलं तरी. माझं काय झालं म्हणाल, तर भाचीने मला पुसून टाकलं नाही. माझी सगळी पानं दुकानाच्या संगणकात घडी घालून ठेवली आहेत. डांबरगोळ्या तेवढ्या घातल्या नाहीत. बाहेर माझा जुना पत्ता अजून चालतो. कोणी जुनं गिऱ्हाईक वाट चुकून माझ्या दाराशी आलं, की मी त्याला क्षणभर बघते आणि पुढच्या दाराने नव्या घरात पाठवून देते. तिथे त्याला जे वाचायला मिळतं, त्यातलं कितीतरी माझ्याच अंगावरचं आहे. पोशाख बदलला, एवढंच. आमच्या दुकानात त्याचं कोणाला नवल वाटत नाही.

तुमच्याही घरात, शाळेत, दुकानात काहीतरी जुनं असेलच. ते बदला, खुशाल बदला, मी तर म्हणते रविवारची वाट न बघता बदला. फक्त सामान हलवण्याआधी जिने ते इतकी वर्षं सांभाळलं, तिच्याशेजारी जमिनीवर बसा आणि कशाला काय म्हणतात ते विचारून घ्या. तिला बोलता येत नसेल, तर चालून दाखव म्हणा. नाहीतर फार काही होत नाही. हत्तीसुद्धा मध्यम होतो, आणि अर्धा रंगमंचावरच राहतो.